एडना सिस्टरची रेघ

बाळांनो, एक चित्र डोळ्यांसमोर आणा. तुम्ही दहा वर्षांचे आहात. हॉस्पिटलच्या पलंगावर मांडी घालून बसला आहात. म्हणजे अर्धीच मांडी, कारण डावा पाय गुडघ्यापाशी सुजलाय आणि दुमडत नाही. पुढ्यात शंभर पानी वही आहे आणि हातात बाबांच्या खिशातलं पेन. तुम्ही सही शिकताय. नाव लिहिणं वेगळं आणि सही वेगळी, हे तुम्हाला नुकतंच कळलंय. सही अशी हवी, की बघणाऱ्याने म्हणावं, ही हिचीच. दुसऱ्या कुणाची असूच शकत नाही.

दिसलं? मग आता तुम्ही ऋता झालात.

"ही कशी वाटते?" ऋताने वही वर धरली.

एडना सिस्टरने चष्मा खाली ओढून पाहिलं. "ह्याच्यात 'ऋ' कुठाय गो? मला तर जिलेबी दिसते."

"तीच तर स्टाइल आहे! बाबांची पण अशीच आहे. खाली रेघ आणि दोन टिंबं."

"बरं, साहेब. आता सहीचं राहू दे बाजूला. उद्या काय करणार ते मला परत सांग."

'परत सांग' हे एडना सिस्टरचं ठरलेलं वाक्य होतं. ती आधी सगळं समजावून सांगायची. मग पेशंटने ते स्वतःच्या शब्दांत तिला परत सांगायचं. चुकलं, की पुन्हा पहिल्यापासून.

ऋताने बोटं मोजली. "उद्या मला झोपेचं औषध देणार. मग गुडघ्याजवळ जाड सुई घालणार आणि गाठीचा तांदळाएवढा तुकडा काढणार. तो तपासायला पाठवणार. उठल्यावर दुखेल, तेव्हा तू गोळी देणार. आणि सकाळपासून पाणी नाही मागायचं."

"मागितलंस तर?"

"तर तू नाही देणार. ओरडणार पण नाही."

"शाब्बास." एडनाने खिशातून ऑपरेशनचा संमतीचा फॉर्म काढला. त्यावर ऋताच्या बाबांची सही आधीच झाली होती. टेम्परेचरच्या कार्डाची कड धरून एडनाने त्या सहीच्या खाली पेनाने एक सरळ रेघ ओढली. "ही तुझी जागा."

"पण लहान मुलांची सही चालत नाही, आई म्हणाली."

"कायद्याला चालत नाही, मला लागते. पाय कुणाचाय? बाबांचा?"

ऋता हसली. पेन घट्ट धरून, जीभ जराशी बाहेर काढून, तिने आयुष्यातली पहिली खरी सही केली. खाली दोन टिंबंही दिली.

"ऐक आता," एडना म्हणाली. "ह्या पायाला कुणी हात लावायच्या आधी मी तुला सांगणार. तू मला परत सांगणार. मग रेघेवर तुझी सही. तोवर नाही."

"प्रॉमिस? देवाशप्पथ?"

"शपथ मी घेत नाही गो बाय. शब्द देते."

शेजारच्या पलंगावर पाच वर्षांचा निहार होता, कोपराचं हाड मोडलेला. त्याला आईवडील नव्हते. गुणाजी नावाचे त्याचे मालवणकडचे आजोबा, तेच सगळं. भांडुपला ते वॉचमन होते. त्यांच्याकडे एडना वळली तेव्हा त्यांनी आधीच डावा अंगठा पुढे केला. "माका वाचूक येणा नाय, सिस्टरबाय. काय लिवलाहा ता तू सांग."

एडनाने सांगितलं. त्यांनी परत सांगितलं, चुकलं, पुन्हा सांगितलं. मग काउंटरवरचं शाईचं पॅड आलं. अंगठा उठवून झाल्यावर गुणाजींनी तो फुंकला आणि सवयीने डोक्यावरच्या पांढऱ्या केसांना पुसून टाकला. ऋता खो खो हसली.

"आजोबा, केसांना शाई!"

"असूं दे. केस काळे होतले."

ते गेल्यावर ऋताने हळूच विचारलं, "सिस्टर, अंगठा कोण लावतं?"

"ज्यांना वाचता येत नाही ते."

"म्हणजे त्यांना माहीतच नसतं, कशावर लावला ते?"

"म्हणून तर आपण आधी सांगायचं," एडना म्हणाली.

घाटकोपरच्या त्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात एडना एकतीस वर्षं होती. राहायची वाकोल्याच्या गावठाणात, नवरा रसेलबरोबर. मूलबाळ नव्हतं. तिच्या आयुष्यात सांगण्यासारखं फारसं काही घडलं नाही, असं ती स्वतःच म्हणायची. तिने कधी बक्षीस घेतलं नाही की भाषण केलं नाही. ती नर्सिंग शिकत असताना तिच्या आईचं पोटाचं ऑपरेशन झालं होतं. आतून काय काढलं, हे आईला दोन वर्षांनी दुसऱ्याच डॉक्टरांकडून कळलं. "माझ्याच पोटातलं गो, आणि मलाच ठाऊक नाय," एवढंच आई म्हणाली होती. आई जेवणाची थाळी पुसत होती, पुसतच राहिली. 'परत सांग' तिथून आलं होतं. नव्या सिस्टर आधी हसायच्या. मग त्यांनाही सवय झाली. फॉर्मवर खाली सरळ रेघ आणि तिच्यावर पोराची वाकडीतिकडी सही दिसली, की सगळा वॉर्ड समजायचा: एडनाने सांगितलंय, ह्या पोराला सगळं ठाऊक आहे.

हे लक्षात ठेवा, बाळांनो. पुढे जे झालं ते ह्या विश्वासामुळेच झालं.

तुकड्याचा रिपोर्ट आला. गाठ वाईट होती. ऋताला दर काही दिवसांनी सलाइनमधून कडक औषधं सुरू झाली. एडनाने तेही आधी सांगितलं होतं, केस जाणार हेसुद्धा. ऋताने परत सांगितलं होतं, "केस जाणार, पण परत येणार." ते गेले तेव्हा ती दोनच दिवस रडली. मग आईच्या जुन्या ओढणीचा रुमाल बांधून वहीत सह्या करू लागली. पानं भरत गेली. दर वेळी भरती झाली, की एडनाच तिची सिस्टर. कारण त्या वॉर्डात पेशंट वाटून घ्यायची पद्धत होती. एका सिस्टरकडे सहा मुलं. ताप, इंजेक्शन, आंघोळ, फॉर्म, रडणं, आईबापांचे प्रश्न, सगळं तिचंच.

मग एका महिन्यात तीन सिस्टर परदेशी गेल्या. त्यांच्या जागी कुणी आलं नाही. मेट्रनबाईंनी सगळ्यांना बोलावून नवी पद्धत समजावली. आता पेशंट नाही, काम वाटायचं. एक सिस्टर सगळ्या वॉर्डाचा ताप आणि बीपी बघणार. एक सगळ्यांची इंजेक्शनं. एक सगळे कागद.

"एडना, तुझा हात हलका आहे. इंजेक्शन तू घे. फॉर्म जॅकलिनकडे."

"मॅडम," एडना म्हणाली, "ताप हिचा, इंजेक्शन माझं, कागद जॅकीचा. मग पोर कुणाची?"

मेट्रनबाई वाईट नव्हत्या. त्या दोन रात्री झोपल्या नव्हत्या. "मला पण कळतं गं. पण चौतीस पोरं आहेत आणि तुम्ही चौघी. पेशंट वाटले तर दोन वाजेपर्यंत निम्म्यांना औषध मिळणार नाही. तू सांग, काय करू?"

एडनाने ट्रे उचलला.

ऑपरेशनच्या आठवड्यात नवा स्कॅन झाला. डॉक्टर चंद्रप्रकाश यांनी ऋताच्या आईबाबांना खोलीत बसवून सांगितलं, की गाठ रक्ताच्या मोठ्या नळीला गुंडाळली आहे. नुसती गाठ काढून आत सळई घालायचं ठरलं होतं, ते आता जमणार नाही. पाय गुडघ्याच्या वरून काढावा लागेल. तर मुलगी वाचण्याची आशा आहे.

अनिरुद्ध, म्हणजे ऋताचे बाबा, विक्रोळीच्या एका कंपनीत हिशेबनीस होते. कॉरिडॉरमध्ये त्यांनी एडनाला गाठलं. पाठीमागे तेजल, ऋताची आई, भिंतीला टेकून उभी होती.

"सिस्टर, तिला काही बोलू नका प्लीज. तिला वाटतंय, सळई घालणार. राहू दे तसंच."

"आणि उठल्यावर?"

"उठल्यावर बघू ना. आधी तिचं ऑपरेशन तर होऊ दे नीट."

"साहेब, मी तिला शब्द दिलाय."

"दहा वर्षांची आहे हो ती!" तेजल एकदम म्हणाली. "तिला काय विचारायचंय? ती नाही म्हणाली तर तुम्ही नाही कापणार?"

एडना तेजलपाशी गेली. मग म्हणाली, "कापणार. तिला माहीत असून कापलं, की ती रडेल, चिडेल, तुम्हाला चावेलसुद्धा. पण तुमच्याकडेच बघून रडेल. माहीत नसताना कापलं तर ती कुणाकडे बघणार?"

तेजलने पदर तोंडाला लावला. अनिरुद्ध खाली बघत म्हणाले, "आम्ही सांगतो. आईबापांनीच सांगायला हवं. गुरुवारपर्यंत वेळ द्या."

"गुरुवारपर्यंत. नाही जमलं तर मला निरोप द्या. मी सांगेन. लाजायचं नाही त्यात."

"हो," ते म्हणाले.

बुधवारी ऋताने आईकडे नव्या चपला मागितल्या. डिस्चार्जच्या दिवशी घालायला, निळ्या, मागे पट्टा असलेल्या. तेजल खाली जाऊन दुकानातून घेऊन आली. दोन्ही पायांच्या. न आणणं म्हणजे सांगणंच झालं असतं.

आता गुरुवार. इथे जरा हळू जाऊ या, कारण प्रत्येकाने आपापलं काम चोख केलं आणि तरीही जे व्हायचं ते झालं.

दुपारी चार वाजता जॅकलिन फॉर्मांचा गठ्ठा घेऊन आली. चोवीस वर्षांची, चटपटीत, कामाला वाघ. दहा फॉर्म सहाच्या आत डॉक्टरांच्या खोलीत पोचवायचे होते. तिने अनिरुद्धना काउंटरवर बोलावलं, डॉक्टरांनी त्यांना सगळं सांगितलंय ना म्हणून विचारलं, सही घेतली. मग तो फॉर्म घेऊन ऋताच्या पलंगापाशी आली, हातातल्या पट्ट्यावरचा नंबर जुळवायला. तेवढ्यात निहारच्या पलंगावरून हाक आली. हाताचं हाड नीट बसलं नव्हतं म्हणून तो परत भरती झाला होता, आणि त्याची सलाइन निघाली होती.

"एक मिनिट हं, डार्लिंग," जॅकलिन म्हणाली आणि फॉर्म ऋताच्या चादरीवर ठेवून धावली.

ऋताने फॉर्म बघितला. छापील इंग्रजी, बारीक. मध्ये डॉक्टरांच्या अक्षरात ऑपरेशनच्या नावाची तीन इंग्रजी अक्षरं आणि 'लेफ्ट'. लेफ्ट म्हणजे डावा, ते तिला कळलं. खाली बाबांची सही होती. त्याच्या खाली कोरी जागा. रेघ नव्हती.

एडना सिस्टर विसरली वाटतं, ऋताच्या मनात आलं. बिचारीला किती इंजेक्शनं द्यायची असतात! सिस्टरने सांगायचं ते सांगितलंच होतं की मागे: गाठ काढणार, सळई घालणार. परतही सांगून झालं होतं. मग उरलं काय? रेघ. ती ऋताने स्वतःच ओढली. कडेला धरायला काही नव्हतं म्हणून रेघ जरा वाकडी आली. तिच्यावर तिने सही केली. चार महिन्यांच्या सरावाची सही. जिलेबी आता जिलेबी राहिली नव्हती. डौलदार 'ऋ' झाला होता. खाली दोन टिंबं.

जॅकलिन परत आली. तिने खाली सही बघितली आणि तिच्या चेहऱ्यावरचा ताण गेला. "अरे वा! एडना सिस्टर येऊन गेली पण?"

ऋताला प्रश्न नीट कळला नाही. एडना सिस्टर दोन वाजता इंजेक्शन द्यायला येऊन गेली होती. "हो," ती म्हणाली.

फॉर्म अनिरुद्धनीही पाहिला, काउंटरवर, तारीख घालायची राहिली म्हणून जॅकलिनने परत बोलावलं तेव्हा. आपल्या सहीखाली मुलीची सही. ते बघतच राहिले. बुधवारभर ते तीनदा तिच्या पलंगावर बसले होते आणि तिन्ही वेळा शाळेबद्दल बोलून उठले होते. "हिला सांगितलं?" त्यांनी विचारलं.

"हो ना. सही आहे बघा."

मागे वळून त्यांनी ऋताकडे पाहिलं. ती पलंगावर शांत बसून निहारला वाघाचं चित्र काढून देत होती. किती धीराची पोर, असं त्यांच्या मनात आलं, आणि ते जिन्यात जाऊन रडले.

सहा वाजता एडना ट्रे घेऊन आली. चौतीस मुलांपैकी एकोणीस जणांना इंजेक्शन होतं. ऋता अकरावी.

"सिस्टर! मी सही केली. झकास आलीय. बघितलीस?"

एडनाने सुई खाली ठेवली. म्हणजे आईबापांनी सांगितलं. सांगितलं आणि ही अशी हसतेय! तिने पोरीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. विचारावं का, 'परत सांग'? पण इतकं मोठं ऐकून, गिळून ही आत्ता कुठे हसतेय; ते आपण पुन्हा उकरायचं? आणि सांगितलं असेल त्यांनी जमेल तसं, आईबापांच्या शब्दांत. आणि पुढे आठ पोरं होती. बाराव्या पलंगावरची आई ओरडतच होती, "सिस्टर, किती वेळ?"

"शाब्बास गो बाय," एडना म्हणाली. तिने इंजेक्शन दिलं, कापूस दाबून धरला, ऋताच्या रुमालावरून हात फिरवला आणि बाराव्या पलंगाकडे गेली.

एकतीस वर्षांत 'परत सांग' न म्हणता ती पहिल्यांदाच पुढे गेली.

शुक्रवारी तिची सुट्टी होती. ऑपरेशन त्याच दिवशी झालं, व्यवस्थित. शनिवारी दुपारी ऋताला वॉर्डात आणलं. ऑपरेशनच्या जागेला चादर लागू नये म्हणून पलंगावर जाळीची कमान ठेवतात. तिच्यावरून चादर तंबूसारखी पसरली होती. तंबूच्या आत काय आहे ते पडल्यापडल्या दिसत नाही.

"सिस्टर," ऋता गुंगीत म्हणाली, "अंगठ्याला खाज येतेय. खाजव ना."

"कुठल्या गो?"

"पायाच्या. डाव्या."

गेलेल्या पायाला खाज येते, हे एडनाला ठाऊक होतं. तिने खूप जणांचं ऐकलं होतं. तिने चादरीच्या कडेला हात लावला. "येते कधीकधी अशी. थांबेल."

"पट्टी सोमवारी सोडणार का? आईने चपला आणल्यात. निळ्या."

एडना पलंगाच्या कडेवर बसली. चपलांचा खोका कपाटाखाली होता, झाकण अर्धवट उघडं.

"ऋता," ती म्हणाली, "काल काय केलं, ते मला परत सांग."

ऋताने डोळे मिटून शहाण्या मुलीसारखं सांगितलं. "गाठ काढली. आत सळई घातली. दोन महिने काठी घेऊन चालायचं. मग काठी सोडायची."

कॉरिडॉरमध्ये एडनाने जॅकलिन आणि आईबाबा अशा तिघांना समोरासमोर उभं केलं. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं जॅकलिन नंतर म्हणाली.

"पण तिची सही होती!" जॅकलिनला रडू फुटलं. "तुमच्या रेघेवर होती, सिस्टर. तुमची रेघ म्हणजे... आम्ही सगळे..."

फाइल आणली. एडनाने फॉर्म बघितला, पहिल्यांदाच. कागद तिचं काम नव्हतं. रेघ वाकडी होती. एका नजरेत तिला कळलं असतं, की ही आपली नाही.

"मला वाटलं तुम्ही सांगितलंत," अनिरुद्ध म्हणाले. "खरं सांगू सिस्टर? ती सही बघून मला इतकं हलकं वाटलं... मी परत विचारलंच नाही. मला विचारायचंच नव्हतं."

"आणि मला वाटलं, तुम्ही," एडना म्हणाली.

आतून निहारचं हसणं ऐकू आलं. मग एडना म्हणाली, "आता कोण सांगणार?"

अनिरुद्ध जमिनीकडे बघत राहिले. तेजलने एडनाचं मनगट धरलं. दोघी आत गेल्या.

काय बोलणं झालं ते सगळं मी तुम्हाला सांगणार नाही. एडनाने काही लपवलं नाही, एवढं सांगतो. पाय का काढला, कुठून काढला, आता पुढे काय. मग तिने कमानीवरची चादर बाजूला केली, कारण बघू दे असं ऋता म्हणाली. ऋताने बघितलं. खूप वेळाने तिने विचारलं,

"तो पाय कुठे ठेवला?"

ह्याचंही उत्तर एडनाने दिलं.

"तू म्हणाली होतीस, हात लावायच्या आधी सांगणार."

"हो. म्हणाले होते. मी नाही सांगितलं. चूक माझी आहे."

ऋता आढ्याकडे बघत होती. "पण सही तर मीच केली ना?" ती म्हणाली. "म्हणजे मीच हो म्हटलं."

"नाही गो बाय. नाही. माहीत नसताना केलेली सही म्हणजे हो नाही."

पण ऋताने तोंड भिंतीकडे फिरवलं होतं. तेजल तिच्या पाठीवर डोकं टेकून रडत होती आणि एडना उभी होती, हात कुठे ठेवावेत ते न कळून.

सोमवारी चौकशी झाली. फाइल तपासली. ताप लिहिलेला होता, इंजेक्शनांच्या वेळा बरोबर होत्या, डॉक्टरांची सही होती, बापाची सही होती, मुलीचीसुद्धा होती. कागदावर कुणाचीच चूक निघाली नाही. एडनाने गुरुवारच्या नोंदीखाली, आजची तारीख घालून, एक ओळ लिहिली: "मी तिला विचारलं नाही." मेट्रनबाईंनी ती वाचली. म्हणाल्या, "हे लिहायची गरज नव्हती." एडना म्हणाली, "मला होती." मग तिने एकच मागणं मागितलं. ऋता मला द्या. तिचा ताप, तिचं इंजेक्शन, तिचे कागद. माझ्या बाकीच्या कामात कपात नको.

"घे," मेट्रनबाई म्हणाल्या. "तेवढी एक. बाकीचं आहे तसंच चालेल."

तीन आठवडे ऋता एडनाशी बोलली नाही. विचारलं तर मान हलवायची. घरी जाऊन आली, जखम भरली, पुन्हा भरती झाली; सलाइनमधल्या औषधांचे उरलेले फेरे अजून व्हायचे होते. सह्यांची वही उशाखाली असायची, पण उघडलेली कुणी पाहिली नाही. निळ्या चपला तेजलने कपाटाच्या मागे सारल्या होत्या. एक दिवस ऋताने त्या मागितल्या, उजवी पायात घातली आणि डावी आईच्या हातात दिली.

औषधाच्या फेऱ्यासाठी नव्याने संमती लागते. मंगळवारी सकाळी एडना फॉर्म घेऊन आली. अनिरुद्धची सही झाली होती. ती स्टूल ओढून बसली. ट्रे तिने लांब ठेवला. पाऊण तास ती सांगत होती: कुठलं औषध, किती दिवस, उलट्या होणार, तोंड येणार, आता कुठे येऊ लागलेले केस परत जाणार. औषधाने गाठ परत येणार नाही अशी आशा आहे, खात्री नाही. तेही सांगितलं. बाराव्या पलंगावरून दोनदा हाक आली. एडना उठली नाही.

"आता मला परत सांग," ती म्हणाली. ते वाक्य उच्चारताना तिला भीती वाटली.

ऋताने परत सांगितलं. हळू, एकेक करून, एकही गोष्ट न गाळता. तीन आठवड्यांत ती पहिल्यांदाच एडनाशी इतकं बोलली. शेवटी म्हणाली, "आणि खात्री नाही."

"हो. खात्री नाही."

एडनाने टेम्परेचरचं कार्ड घेतलं. त्याची कड धरून फॉर्मच्या खाली सरळ रेघ ओढली. पेन पुढे केलं.

बाळांनो, आता तुम्ही परत ऋता व्हा. पेन समोर आहे. तुमची सही वॉर्डात सगळ्यांत देखणी आहे. तुम्ही काय कराल? ऋताने काय केलं ते सांगतो.

तिने पेन घेतलं नाही.

"मला शाईचं पॅड दे," ती म्हणाली.

"तुला सही येते ना गो?"

"येते. पण अंगठा लावणाऱ्याला आधी सगळं सांगतात."

एडना काउंटरवर गेली आणि पॅड घेऊन आली. ऋताने डावा अंगठा शाईत दाबला, मग रेघेवर ठेवला, नीट, कड न फासता, आणि उचलून फुंकर मारली. एडना कापूस शोधू लागली. तेवढ्यात ऋताचा हात गुणाजी आजोबांसारखा आपसूक डोक्याकडे गेला. रुमालाखाली नुसती लव होती, आणि आईची ओढणी खराब झाली असती. हात तिथेच थांबला.

तिने एडनाकडे पाहिलं. एडना कापूस शोधायचं सोडून स्टुलावर बसली होती, चष्मा काढून, मान खाली घालून. ऋता पुढे वाकली, आणि शाईचा अंगठा तिने एडना सिस्टरच्या पांढऱ्या केसांना पुसला. दोनदा. पूर्ण कोरडा होईपर्यंत.